फतवा, सवाल आणि हिशेब

गेल्या वर्षी ब्रह्मपुरीतल्या एका बुद्धविहारात संविधानावर अभ्यासवर्ग झाला. मीही बोलावून आलेला होतो. जेवणाच्या सुटीत एका तरुण कार्यकर्त्याने मला सरळच विचारले, "सर, आमच्या आजोबांनी भट सोडला. तुम्ही म्हणता, इस्लाममध्ये भट नाहीच. मग तुमच्या मोहल्ल्यातली बाई कुणाला भिते?" मी त्याला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर अपुरे होते हे मलाही कळत होते. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे जरा सावकाशीने दिलेले उत्तर आहे.

प्रस्तुत लेखक जातीने पिंजारी. होय, जातीने. माझे अब्बा झाडीपट्टीतल्या बाजारांतून धुनकी खांद्यावर टाकून फिरत, कापूस पिंजत, गाद्या-रजया भरत. मशिदीत नमाजाला सगळे एका ओळीत उभे राहतात ही गोष्ट खरी आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. पण ओळ मोडली, जोडे पायात गेले की कोण शेख-सय्यद, कोण पिंजारी, कोण कुरेशी, कोण शाह-फकीर हे सर्वांना ठाऊक असते. सच्चर समितीने २००६ साली अश्रफ, अजलाफ, अरझल या थरांची नोंद केली तेव्हा शहरी विद्वानांना नवल वाटले. आमच्या मोहल्ल्यात कुणालाच नवल वाटले नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींचे संघटन उभे केले, त्यामागेही हेच वास्तव होते. नेतृत्वाचा प्रश्न या थरांपासून वेगळा काढता येत नाही, म्हणून ही ओळख आधी दिली.

आता घरातली गोष्ट. १९७७ साली माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, पोस्टकार्डावर तीन वेळा तलाक लिहून आला. तिच्या सासरच्या गावाचे नाव देत नाही. पदरात दोन मुले, मेहेर पाचशे पंचवीस रुपये, तेही न दिलेले. अब्बा त्या गावच्या जमातीकडे गेले. जमात म्हणजे मशिदीची कमिटी, तिचा सदर, सेक्रेटरी आणि चार वजनदार माणसे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्ही कोण ठरवणार? मोठ्या मदरशाला लिहून विचारू." सेक्रेटरीने उर्दूत पत्र लिहिले. दीड महिन्याने उत्तर आले. ते चारचौघांत वाचले गेले. तलाक झाली. संपले. आपा ब्रह्मपुरीला माघारी आली आणि विड्या वळू लागली.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी शिक्षक झाल्यावर, ते पत्र मुद्दाम मिळवून वाचले, तेव्हा मला खरा प्रकार समजला. सेक्रेटरीने विचारले होते एवढेच: एका माणसाने बायकोला तीन वेळा तलाक लिहून पाठवली, तर ती झाली की नाही? मुफ्तीने एवढ्याचेच उत्तर दिले होते: झाली. मेहेर दिला आहे काय, इद्दतीचा खर्च कोण देणार, मुले कुणाची, तलाक देण्याआधी दोन्हीकडचे पंच बसवून समेटाचा प्रयत्न झाला काय, यातले काहीच विचारलेले नव्हते. म्हणून उत्तरातही नव्हते. आणि ज्या बाईच्या आयुष्याचा तो प्रश्न होता, तिला तर कुणी एक शब्द विचारला नव्हता. नंतर एका वृद्ध आलिमांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "मास्टर, सवाल जितना, जवाब उतना."

या चार शब्दांत सगळी व्यवस्था आहे. ती नीट उलगडली पाहिजे, कारण आपल्या चळवळीतही फतवा म्हणजे पोपच्या आज्ञेसारखे काहीतरी असते असा समज आहे. वर्तमानपत्रांनी तो वाढवला आहे.

सुन्नी मुसलमानांत दीक्षा दिलेला पुरोहितवर्ग नाही. नमाज कुणीही जाणता माणूस पढवू शकतो. जो नेमाने पढवतो तो इमाम. ज्याला कुराण मुखोद्गत आहे तो हाफिज. दर्से निजामी नावाचा, अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात आकाराला आलेला, सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करतो तो आलिम किंवा मौलवी. त्यापुढे इफ्ताचे वेगळे शिक्षण घेऊन धर्मशास्त्रीय मत देण्याची पात्रता मिळवतो तो मुफ्ती. काझी म्हणजे मुळात न्यायाधीश. इंग्रजांच्या राज्यात त्याची न्यायाधिकाराची बाजू गेली आणि १८८० च्या काझी कायद्यानंतर तो निकाह लावणारा व त्याची नोंद ठेवणारा एवढाच उरला. त्या कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे की, अशा नेमणुकीने त्याला कसलाही न्यायविषयक अधिकार मिळत नाही. आणि मुतवल्ली हा तर धर्मगुरूच नव्हे. तो वक्फाच्या मालमत्तेचा व्यवस्थापक.

फतवा म्हणजे मत. विचारणारा विचारतो, मुफ्ती त्याच्या पंथाच्या ग्रंथांवरून उत्तर देतो आणि शेवटी लिहितो, 'वल्लाहु आलम', म्हणजे खरे काय ते अल्लाच अधिक जाणतो. आपल्या मताच्या मर्यादेची एवढी कबुली कुठल्याही वकिलाच्या नोटिशीत नसते! शिवाय एकाच प्रश्नावर दोन मुफ्तींची दोन मते असू शकतात. एका बैठकीत तीनदा उच्चारलेली तलाक हनफी परंपरा निंद्य मानूनही झाली असे धरते. अहले हदीस ती एकच धरतात. शिया तर मानतच नाहीत. तेव्हा आपाचे पत्र दुसऱ्या पंथाच्या मदरशात गेले असते तर उत्तर दुसरे आले असते. पण पत्र कुठे पाठवायचे हे आपाने ठरवले नाही, सेक्रेटरीने ठरवले.

मत आणि हुकूम यांत जे अंतर आहे, ते अंतर मोहल्ल्यात कोण मिटवतो? मुफ्ती नव्हे. तो शेकडो मैलांवर बसलेला असतो. अंतर मिटवते ती कमिटी. तिच्या हातात दफनभूमी असते, निकाहाचे रजिस्टर असते, लग्नाच्या दावतीला कुणाला बोलवायचे याचा इशारा असतो. 'वल्लाहु आलम' हे शब्द वाचून दाखवायचे राहून जातात आणि मताचा हुकूम होतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फतव्याला कायद्याचे बंधन नाही, तो कुणावर लादता येत नाही आणि ज्या व्यक्तीच्या हक्काचा प्रश्न आहे तिने स्वतः मागितल्याखेरीज तिच्याविषयी फतवा देऊ नये. या निकालातला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायालयाने मुफ्तीचे तोंड बंद केले नाही. सवाल कुणाचा, हा मुद्दा धरला.

इमामाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बाहेरच्यांना वाटते, इमाम म्हणजे मोहल्ल्याचा मालक. खेड्यापाड्यांतला इमाम हा बहुधा परप्रांतातून आलेला, घरापासून दूर राहणारा गरीब तरुण असतो. त्याचा पगार कमिटी देते, जेवणाची पाळी घरोघर लावलेली असते, आणि सदराला खुतबा आवडला नाही तर पुढच्या महिन्यात तो ट्रंक घेऊन स्टेशनावर दिसतो. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळांना इमामांच्या पगाराची योजना करायला सांगितले, पण छोट्या मशिदींत कमिटीचेच राज्य राहिले. असा इमाम बाजाराच्या व्याजाबद्दल, हुंड्याबद्दल, बहिणीच्या वारसाहक्काबद्दल काय बोलणार? कुराणात मुलीचा हिस्सा लिहिलेला आहे. आमच्या भागात किती भावांनी तो धानाच्या बांधीतून काढून दिला? यावर मी आयुष्यात दोनच खुतबे ऐकले, आणि ते देणारे दोघेही फार दिवस टिकले नाहीत. म्हणजे इमाम उत्तरदायी आहे, पण ज्याच्या हातात पैसा आहे त्याला, समाजाला नव्हे.

याच्या अगदी उलट रचना दाऊदी बोहरा समाजाची. विदर्भातल्या मोठ्या बाजारपेठांत ज्यांची हार्डवेअरची, काचसामानाची दुकाने आपण पाहतो, तो हा शांत, हिशेबी, शिकलेला समाज. तिथे पुरोहितशाही आहे आणि ती शिखरापासून पायथ्यापर्यंत बांधलेली आहे. वर दाई, ज्यांना सय्यदना म्हणतात. गावोगाव त्यांचे आमिल. वयात येताना प्रत्येकाने निष्ठेची शपथ घ्यायची, तिला मीसाक म्हणतात. निकाह असो की दफन, रजा लागते. आणि जो प्रश्न विचारील त्याच्याविरुद्ध बरात, म्हणजे बहिष्कार. नवरा-बायको तुटतात, आईच्या मयताला मुलगा जाऊ शकत नाही, धंद्यातला भागीदार हिशेब चुकता करून निघून जातो.

या समाजातली लढाई हिशेबापासूनच सुरू झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबईत शेठ चांदाभाई यांच्या कबरीजवळ एक गल्ला ठेवलेला होता. भाविक त्यात पैसे टाकत. ते पैसे कुणाचे? दाईंच्या खासगी मालकीचे की सार्वजनिक धर्मादायाचे? १९१७ साली सरकारच्या अॅडव्होकेट जनरलतर्फे दावा झाला आणि १९२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्टिन यांनी निर्णय दिला की दाई हे त्या धनाचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत, आणि विश्वस्त हिशेबाला बांधलेला असतो. धर्मगुरू कितीही थोर असो, गल्ल्याला किल्ली असते आणि किल्लीचा जाब असतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी मुंबईत लिहिली गेली. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली बऱ्हाणपूरच्या प्रकरणात दाईंचा बहिष्काराचा अधिकार मान्य केला, पण तो मनमानी नाही, त्याला रीत पाळावी लागते, असे म्हटले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. तो फक्त बोहऱ्यांसाठी नव्हता. कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या पंचायतीने केलेला बहिष्कार त्याने रद्दबातल ठरवला. तत्कालीन सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचे जे स्वातंत्र्य अनुच्छेद २६ ने पंथाला दिले आहे, त्यात धार्मिक कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकारही येतो, असे त्यांचे म्हणणे.

पाचवे होते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. त्यांनी वेगळा निर्णय लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होऊन जातो. मशीद नाही, कबरस्तान नाही, माणसांत उठबस नाही. तेव्हा हा कायदा म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ चीच पुढची पायरी आहे. या त्रैमासिकाच्या वाचकांनी हा अल्पमतातला निर्णय मिळवून वाचावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गावकी आणि जोहार नाकारणाऱ्या महारवाड्याचे पाणी, पीठगिरणी, मजुरी तोडणाऱ्या गावाला जे नाव आहे, तेच नाव एका श्रीमंत व्यापारी जमातीच्या आत चाललेल्या व्यवहाराला लावता येते, हे एका सरन्यायाधीशाला १९६२ साली दिसले होते.

पुढे सत्तरीच्या दशकात उदयपूरच्या बोहरा तरुणांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या मताने आम्ही उभे राहू असे म्हटले आणि शहरच्या शहर दुभंगले. असगर अली इंजिनीअर हे मूळचे राजस्थानातल्या सलुंबरचे, आमिलाच्या घरात जन्मलेले, मुंबई महापालिकेत अभियंता. ते या सुधारणावाद्यांचे प्रवक्ते झाले. जयप्रकाशांच्या सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या संघटनेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवाणी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. दाईंच्या बाजूने सहकार्य मिळाले नाही. १९७९ साली आलेल्या अहवालाने बहिष्काराच्या तक्रारी खऱ्या असल्याचे आणि त्यातून नागरी स्वातंत्र्याची पायमल्ली होत असल्याचे सांगितले. सरकारने काही केले नाही. मते एकगठ्ठा मिळत असतील आणि गुरूच्या एका शब्दावर मिळत असतील, तर कोणता पक्ष त्या गुरूला जाब विचारील? ही गोष्ट आजवरच्या सर्व रंगांच्या सरकारांना लागू आहे. इंजिनीअर यांच्या घरावर व कार्यालयावर २००० साली हल्ला झाला. २०१३ साली ते गेले, तोवर लिहीत राहिले.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हकिगती आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांची चिकाटी त्यामागे होती. २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. १९४९ चा कायदाही त्यानेच अधिकृतपणे मागे घेतला. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार मात्र २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांनी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

मग उपाय काय? इथे दोन माणसांची आठवण अपरिहार्य आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात हिंदू पुरोहिताविषयी एक व्यावहारिक योजना मांडली होती. पुरोहितपण वंशपरंपरेने नको, कुणालाही खुले असावे. राज्याची परीक्षा आणि सनद असावी. सनदेवाचून केलेला विधी कायद्याने अमान्य ठरावा. पुरोहित हा राज्याचा नोकर असावा आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता यावी. डॉक्टरला, वकिलाला परीक्षा आहे, मग आत्म्याच्या डॉक्टरालाच का नाही, असा त्यांचा रोख. हे आमच्याकडे जसेच्या तसे चालेल काय? पूर्वी मला वाटायचे, चालेल. आता वाटत नाही. ज्या राज्याच्या हेतूबद्दल अल्पसंख्याकाला विश्वास नाही, त्या राज्याने नेमलेला मुफ्ती हा मोहल्ल्यात सरकारी माणूस ठरेल आणि कमिटीचा सदर रातोरात धर्मरक्षक होईल. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीच्या वेळी हेच दिसले. मुतवल्लींनी काय काय विकले, कुणाला नाममात्र भाड्याने दिले, हा आमचा घरचा जुना प्रश्न होता. बाहेरून दंडुका दिसताच तो विचारणाराच गद्दार ठरू लागला.

दुसरे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले आणि नावातच जोतीरावांशी नाते सांगितले. धर्मग्रंथाच्या अधिकारालाच त्यांनी हात घातला. १९७७ च्या मे महिन्यात, चौवेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. आपाचे पोस्टकार्ड आले ते त्याच वर्षी, पण आमच्या घरात त्यांचे नाव कुणी ऐकलेले नव्हते. मी त्यांना पुढे कॉलेजात वाचले आणि भारावून गेलो. तरी माझे मत असे की, त्यांचा प्रश्न बरोबर होता, पण तो मोहल्ल्यात उभा करायला मोहल्ल्यातली भाषा कमी पडली. इंजिनीअर कुराणाच्या आतून बोलले, म्हणून त्यांना निदान शिव्या देण्यासाठी तरी लोक ऐकत. माझे सत्यशोधक मित्र या वाक्यावर रागावतील. रागावू देत.

आपाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. विहाराशेजारी राहणाऱ्या एका बौद्ध वकिलांनी अब्बांना सांगितले की नव्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली घटस्फोटित बाईलाही पोटगी मागता येते. संहिता १९७४ पासून लागू होती. आम्हाला १९७९ साली कळले. आपाने अर्ज केला. महिना साठ रुपये मंजूर झाले, मुलांचे वेगळे वीस-वीस. जमातीने म्हटले, शरीयत सोडून कोर्टात गेली. दोन वर्षे आम्हाला कुठल्या लग्नाचे बोलावणे नव्हते. त्या दोन वर्षांत ईदचा शीरखुर्मा आम्ही फक्त बौद्धवाड्यात वाटला. १९८५ साली शाहबानोचा निकाल आला, १९८६ साली कायदा करून तो फिरवला गेला, आणि मुस्लिम बाईला हे कलम खुले आहे हे २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. मधल्या काळात आपाचे केस पांढरे झाले. तिहेरी तलाक २०१७ साली रद्द झाली, २०१९ साली गुन्हा झाली. तुरुंगात गेलेला नवरा पोटगी कुठून देणार, हा आपाचा साधा सवाल त्या वेळी टीव्हीवर मला कुठे ऐकू आला नाही.

आता त्या तरुणाला उत्तर. आमच्या मोहल्ल्यातली बाई मौलवीला भित नाही. ती भिते त्या माणसाला, जो तिच्या वतीने सवाल लिहितो. तेव्हा काम तिथे आहे. सवाल तिचा तिने लिहावा, किंवा लिहून घेताना समोर बसावे. उत्तर आले तर ते पूर्ण वाचून दाखवले जावे. कमिटीत तिची जागा असावी. तिचा पैसाही त्या चंद्यात आहे. जुम्म्याच्या चंद्याचा हिशेब फळ्यावर लागावा. वक्फाची मालमत्ता नोंदलेली असेल तर वार्षिक हिशेब देणे हे मुतवल्लीवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो मागायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही, अर्ज लिहिता आला म्हणजे पुरते. मुंबईच्या हाजी अलीत मजारीपर्यंत जाण्याचा हक्क स्त्रियांनी २०१६ साली उच्च न्यायालयातून मिळवला, तोही विश्वस्तांना जाब विचारूनच.

दोन वर्षांपूर्वी नात्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. नवरा सोडून गेलेला, तलाकही देत नाही, नांदवतही नाही. तिला मुफ्तींना विचारायचे होते. म्हणाली, "मामू, तुम्ही लिहून द्या, तुमची उर्दू चांगली आहे." मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिला मराठीच येत होती, म्हणून तिने मराठीत लिहिले. पहिल्या खेपेला एकच ओळ झाली. मग आपा आतून आली, शेजारी बसली आणि एकेक विचारत गेली. मेहेर किती? दिला काय? दागिने कुणाकडे? पोराची फी कोण भरतो? संध्याकाळपर्यंत अकरा सवाल झाले. मी फक्त उर्दू केले आणि खाली मुलीची सही घेतली. उत्तर तीन पानांचे आले, आणि त्यातली सात उत्तरे तिच्या बाजूची होती. ती पाने घेऊन ती आधी कमिटीकडे गेली आणि मग वकिलाकडे.